वर्धेपलीकडचा इजारा

वरोऱ्याहून वणीस जाताना पाटाळ्याच्या पुलाशी एस. टी. थबकली आणि समोरच्या कोळशाच्या ट्रकांची रांग सरेपर्यंत वर्धेचे पात्र न्याहाळावयास चांगला अवकाश मिळाला. आज हे पात्र दोन जिल्ह्यांची शीव आहे. परंतु अबुल फजलाने वऱ्हाड सुभ्याची जमाबंदी नोंदविली, त्या काळी चांद्याच्या गोंड राजघराण्याचा अंमल या पाण्यापाशी थांबत नव्हता, आणि पलीकडच्या कळंब सरकारातील काही परगणे मोगली दप्तरात चढूनही चांद्याच्याच मुलखात मोडत. राजा बाबजीपाशी 1,000 स्वार व 40,000 पायदळ असल्याचे ‘आईन-इ-अकबरी’ सांगते. आकडा फुगीर असेलही. मला त्या फौजेहून त्या घराण्याच्या जमिनीचे कुतूहल अधिक. तुलनेला मध्ययुगीन जर्मनी घ्या: तिथल्या सरदार घराण्यांची मिळकत म्हणजे इथे अर्धे गाव, तिथे एक पाणचक्की, आणखी कुठे द्राक्षमळ्याचा हिस्सा, असा वाटण्यांत नि हुंड्यांत विखुरलेला पसारा असे. चांदेकरांची अडचण निराळीच, कारण जमीन उदंड आणि कसणारे हात दुर्मीळ. म्हणूनच, जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन बक्षीस, हा चांद्याच्या गोंड राजा हीरशहाचा कौल लोकस्मृतीने जपला आहे.

पुढे धनी भराभर बदलले. 1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला, 1803 च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे आला, आणि 1853 मध्ये वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली झाला. इंग्रजांनी जिल्ह्याला नाव दिले वणीचे, त्यांच्या उच्चारात ‘वून’, आणि कचेरी थाटली यवतमाळात. 1905 साली ते नावही कचेरीच्या मागोमाग गेले! जमिनीपुरते मात्र साहेबाला हीरशहाचेच शहाणपण सुचले: 1865 च्या पडीत जमिनीच्या नियमांन्वये जंगलाखालची ओसाड गावे लागवडीच्या बोलीने, लांब मुदतीच्या इजाऱ्याने दिली गेली. या जिल्ह्यात गावाच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द पाटीवर अजून दिसतो, तो त्या कराराचा अवशेष.

शेजारच्या आसनावरील वृद्ध शेतकऱ्याच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा होता. घडीवर उतारा झिजून विरला होता, पण गावापुढचा ‘इजारा’ स्वच्छ वाचता येत होता. तहसिलीत निघाला होता; शेत कोळशाच्या खाणीत जाणार, मोबदल्याचे ठरायचे होते. इजारा म्हणजे काय, असे मी विचारले. त्याने पिशवीवरची काळी धूळ तळहाताने पुसली.

“थे गावाचं आडनाव होय जी,” तो म्हणाला.