फोटोत न दिसणारी उचल

तपासणीचा मला रागच यायचा. ग्रामसेवकाची माझी बहुतेक नोकरी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या ऊसतोड पट्ट्यात गेली. घरकुलांच्या बाबतीत माझं मत पक्कं होतं: तपासायला येणाऱ्याला गाव ठाऊक नसतं, आणि त्याला माहिती पुरवता पुरवता आमचं काम बोंबलतं. हे मत आज माझं नाही. निदान अर्धं तरी नाही.

इंदिरा आवास योजनेच्या काळात लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचली जायची, पण ठरायची त्याआधी, कुणाच्या तरी ओसरीवर. प्रोसिडिंग मीच लिहायचो, त्यामुळे हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. २०१४ मध्ये कॅगने योजनेचं लेखापरीक्षण करून निवडीतली अपारदर्शकता, घरांचा कच्चा दर्जा, तांत्रिक देखरेखीचा अभाव, इतर योजनांशी नसलेला मेळ, असं सगळं मांडलं. आम्ही पेपरातली बातमी वाचली आणि हसलो. एवढं कळायला दिल्लीहून माणसं लागतात होय?

पण त्या ताशेऱ्यांना उत्तर म्हणून योजनाच बदलली. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. घर २० ऐवजी किमान २५ चौरस मीटरचं, सपाट भागात अनुदान १ लाख २० हजार, त्याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. नावं २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातून यायची, ग्रामसभेने ती पडताळायची. पैसे थेट बँक खात्यात. आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो.

त्या फोटोंनी सुरुवातीला जीव खाल्ला. जोता झाला की फोटो, भिंती लिंटलपर्यंत आल्या की फोटो, स्लॅब पडला की फोटो. लाभार्थी चौकटीत उभा पाहिजे, घर मागे पाहिजे, मोबाइलला रेंज पाहिजे. रेंजसाठी आम्ही कुठे कुठे चढलो ते विचारू नका. एकदा मालकीण न्हाऊन, नवं लुगडं नेसून येईपर्यंत ढग आले. ते गेल्यावर फोटो निघाला, तर अपलोड होईना. हप्ता पुढच्या आठवड्यावर गेला, आणि गवंडी दुसऱ्या कामावर.

तरी हळूहळू मला ही पद्धत आवडू लागली, आणि त्याचं कारण फारसं उदात्त नव्हतं. कुणी पुढारी दंड धरून बाजूला घेऊन म्हणाला, ‘आपल्या माणसाचं तेवढं बघा’, तर मी खिशातून मोबाइल काढून दाखवायचो: नाव वरूनच आलंय, माझ्या हातात काही नाही. ओसरीवरचा कारभार बराच आटला. जोता न घालता हप्ता उचलणं जवळपास बंद झालं. कॅगला हसलो होतो, पण त्याचा सगळ्यात जास्त फायदा मलाच झाला.

सामाजिक अंकेक्षण मात्र मला अजूनही नको होतं. शिकलेली पोरंपोरी चार दिवस गावात राहणार, दारोदार फिरून कागद आणि घर ताडून बघणार, मग ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. सगळं संगणकावर असताना हे कशाला? एका वर्षी आमच्याकडे ते झालं. दफ्तर चोख होतं, म्हणून मी निर्धास्त बसलो होतो. तेव्हा एक बाई उठली. तिचं घर पूर्ण, फोटो ठीक, सगळे हप्ते जमा. ती म्हणाली, “भाऊसाहेब, घर झालं. माझी नव्वद दिवसांची हजेरी कुठंय?”

हजेरी नव्हती. रोजगार हमीचं जॉबकार्ड होतं, पण कामाची मागणी कुणी भरून घेतली नव्हती, हजेरीचं मस्टर निघालंच नव्हतं. गवंड्याच्या हाताखाली विटा-माती तिनं आणि नवऱ्यानं वाहिली होती. २०२४-२५ च्या २९७ रुपये दराने ९० दिवसांचे २६ हजार ७३० रुपये होतात. तिच्या वेळी दर कमी होता, तरी रक्कम लहान नव्हती. स्लॅबला पैसे कमी पडले, तेव्हा तिच्या नवऱ्याने ऊसतोडीच्या मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली, आणि ती फेडायला कोयता आणखी एक हंगाम चालवला. संगणकावर ते घर ‘पूर्ण’ होतं. काम बंद दाखवलेलं असल्याने मस्टर काढायची वाटही उरली नव्हती.

तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी नियमाचं बोललो असणार. पण नंतर बसून जुन्या फायली चाळल्या, तर तसं एकच घर नव्हतं.

तेव्हापासून मला वाटतं की मोबाइलमधली तपासणी सगळी लाभार्थ्याची असते. त्याने जोता घातला का, पैसे दुसरीकडे वळवले का, घर वेळेत उभं केलं का, एवढंच ती बघते. कार्यालयाने आपल्या वाट्याचं काम केलं का, हे विचारायची सोय तिच्यात नाही. ते विचारायला ती बाईच उठावी लागते, आणि तिला उठता येईल अशी सभा लागते.

इंग्लंडमध्ये हे फार मोठी किंमत देऊन कळलं. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेच्या, भाड्याच्या घरांच्या इमारतीला २०१७ मध्ये आग लागून ७२ माणसं गेली. तिथले रहिवासी आधीपासून धोक्याच्या तक्रारी करत होते. त्यानंतर अशा घरांच्या नियमनाचा २०२३ चा कायदा आला, आणि २०२४ पासून त्यांचा नियामक थेट कौन्सिलांची तपासणी करतो. दुरुस्ती, सुरक्षितता, तक्रारींची दखल यांबद्दल भाडेकरूंचं मत तिथे आता मोजलं जातं.

आमच्याकडे त्या सभेनंतर बदल केला तो साधाच: मंजुरीपत्र देतानाच जॉबकार्ड तपासायचं, आणि जोत्याच्या फोटोबरोबर मस्टरची मागणी भरून घ्यायची. वरून काही आदेश आला नव्हता. रोजगारसेवक आधी कुरकुरला, मग त्यालाच ते सोपं वाटलं.

आता मी निवृत्त आहे, पण एक गोष्ट सारखी बोलत असतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड करणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि शिमग्यानंतर, कधी गुढीपाडव्याच्याही पुढे परततात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली, तर ऐकायला ज्यांची नावं तीच माणसं नसतात. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्याच्या बालेवाडीत राज्यातल्या २० लाख घरकुलांची मंजुरीपत्रं दिली गेली, त्यातल्या अनेकांचा पहिला १५ हजारांचा हप्ताही सुटला. त्या दिवसांत या भागातली कितीतरी माणसं कारखान्याच्या फडावर होती. त्यांनी जोता कधी घालायचा? तोवर काम सुरू न झालेल्यांच्या यादीत नाव जाणार आणि विचारणा होणार ती त्यांनाच.

म्हणून माझं म्हणणं, की या तालुक्यांत घरकुलाचं अंकेक्षण १ मेच्या ग्रामसभेला जोडून घ्यावं. जुने सहकारी म्हणतात, मे महिन्यात टंचाईची कामं असतात, टँकर असतात, लग्नं असतात, तुला आता काय जातंय बोलायला. टँकरचं त्यांचं बरोबर आहे. पण हजेरी मागायला माणसं तेव्हा गावात असतात.