पाटाकडेची वाट

रस्त्यांबद्दलची माझी आवडनिवड लहानपणीच ठरून गेली. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला शेत, मधे मुरमाची सरळ पट्टी आणि समोरून कुणी आलंच तर ते ओळखीचं. इंदापूर तालुक्यात नीरेच्या डाव्या कालव्यावर माझे वडील, अप्पा, पाटकरी होते. कालव्याकाठची ती वाट पाटबंधारे खात्यानं पाटाची देखरेख करायला ठेवलेली. गाड्यांना तिच्यावर मज्जाव, निदान कागदावर तरी. अप्पांच्या सायकलच्या हँडलला पाटाची दारं उघडायची लोखंडी किल्ली अडकवलेली असे. शेतांना पाणी सोडायची पाळी सुरू झाली की ते रात्री-अपरात्री निघत, कारण पाण्याची भांडणं रात्रीच पेटतात. दिवसा सायकल मोकळी सापडली की मी नळीखालून पाय घालून कैची मारत सुटायची.

सीटवर बसून पाय पुरायला लागले तेव्हा शाळेलाही त्याच वाटेनं जाऊ लागले. डांबरी रस्ता खरं तर जवळचा. पण त्यावर एसटी, उसाच्या गाड्या आणि सायकलवर पोरगी दिसली की मान वळवून बघणारी माणसं. पाटावर म्हशी असत, आणि म्हशी कुणाकडे बघत नाहीत.

नोकरीसाठी पुण्यात आले ती सायकलींचं शहर म्हणून. संसार मार्गी लागेस्तोवर ते शहर स्कूटर-मोटरसायकलींचं झालं होतं आणि माझी लेडीज सायकल जिन्याखाली गेली होती. मुठेच्या कालव्याच्या कडेनं काही वर्षं सकाळी चालायला जायची. पाणी होतं, वाट होती, पण कचऱ्याचा वास नाकात बसला तो बसलाच.

मग लेक फ्रान्समध्ये दिजोंला नोकरीला गेली. निवृत्तीनंतर तिच्याकडे राहायला गेले तेव्हा ती म्हणाली, “आई, एक रस्ता आहे, गाड्या नाहीत, चढही फारसा नाही.” तिनं भाड्यानं आणलेल्या सायकलला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. खाली वळलेलं हँडल, चाळीसेक मिलिमीटर रुंदीचे टायर, आणि त्यांत हवा मुद्दाम थोडी कमी. दुकानदारानं ही अगदी नवी चीज असल्यासारखी समजावून सांगितली. मला हसू आलं. त्याच्याच देशात सेंट-एतिएनचे पॉल द व्हिव्ही रुंद टायर आणि गिअर यांची वकिली करत १९३० साली वारलेसुद्धा. अप्पांचे टायरही काही बारीक नव्हते.

रस्ता निघाला निव्हेर्नेच्या कालव्याचा. बरगंडीत ओसेरपासून देसीझजवळ ल्वार नदीपर्यंत १७४ किलोमीटर, त्यातला बराच भाग योन नदीचं बोट धरून जाणारा. कुठे गुळगुळीत, कुठे चुनखडीचा पांढरा चुरा, कुठे मधे गवताची शेंडी राखलेली गाडीवाट. चुऱ्यावरून टायर जाताना बारीक करकर होते आणि संध्याकाळी पोटऱ्यांवर पीठ सांडल्यासारखा थर बसतो. सोस्वाचे कडे नदीवर सरळ उभे आहेत. त्यांना दोरांनी लटकलेली माणसं बघायला मी थांबले आणि लेक पुढे निघून गेली. मागून हॉर्न वाजेल म्हणून मान वळवायची माझी सवय मात्र दुपारपर्यंत सुटली नाही.

हा कालवा खणायला घेतला १७८४ मध्ये, पॅरिसच्या चुलींसाठी. मोर्व्हाँच्या डोंगरातलं जळाऊ लाकूड सोळाव्या शतकापासून पाण्यावरून राजधानीला जात होतं. व्यापारी ओंडक्यांच्या टोकांवर हातोड्यानं आपापली खूण ठोकत आणि ते सुटेच ओढ्यांत ढकलून देत. खाली क्लामसीला ते अडवून, खुणा बघून वेगळे करत आणि त्यांचे लांबलचक तराफे बांधत. काठीनं तराफा सांभाळत माणसं तो पॅरिसपर्यंत नेत आणि परत येत ती पायी. थंड पाण्यात उभं राहायचं काम, मजुरी बेताची, आणि संप-दंगे यांत ही माणसं पुढे. पुढे हे तराफे बंद पडले. क्लामसीच्या पुलावर लांब काठी घेतलेल्या अशा एका माणसाचा पुतळा आहे. याच गावात १८६६ मध्ये रोमाँ रोलाँ जन्मले, गांधीजींचं आणि रामकृष्ण-विवेकानंदांचं चरित्र लिहिणारे. जवळच्या ब्रेव्ह गावात त्यांना पुरलं आहे. आम्ही तिथे गेलो, पण खरं सांगायचं तर मी पुतळ्यापाशीच जास्त वेळ रेंगाळले.

कालवा पुरा व्हायला १८४० चं दशक उजाडलं. मग रेल्वे आली, कोळसा आला, पुढे ट्रक आले. मालाच्या बोटी बंद पडल्या, पण पाणी राहिलं आणि काठची पट्टीही राहिली. पट्टी राखायची सवय या देशाला जुनी आहे. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी नदीकाठी चोवीस फूट जागा मोकळी सोडावी, असा चौदाव्या लुईचा १६६९ चा हुकूम होता. आजच्या कायद्यातलं ७.८० मीटरचं माप म्हणजे तेच चोवीस जुने फूट. घोडे गेले म्हणून कुणी तिथे कंपाउंड घातलं नाही. सायकलवाल्यांच्या सोयीचं कौतुक ऐकते तेव्हा मला घाम गाळून गेलेले ते आधीचे लोक आठवतात. आपल्याला मिळालेली शांतता त्यांचं काम संपल्यामुळे मोकळी झाली आहे, आणि त्यांना ती कधीच मिळाली नव्हती.

कालव्यावर बोटी वरखाली करणारी शंभरावर लॉक्स आहेत. सार्दीला तर सोळा लॉक्स एकामागोमाग एक चढत जातात. वर कोलांसेलला कालवा डोंगराच्या पोटातून तीन बोगद्यांनी जातो आणि सायकलवाल्यानं डोंगरावरून रानवाटेनं जायचं. एका लॉकवर सुट्टीत कामाला आलेली कॉलेजची मुलगी होती. शेजारी जुन्या रखवालदाराचं नंबर लावलेलं घर, दारात गुलाब. लॉकच्या दारांच्या फटींतून पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या. तिनं दात्यांच्या दांडीवर हँडल चढवलं आणि माझी नजर ओळखून मलाच फिरवायला दिलं. सुरुवातीला जड, मग खट खट करत दाते सुटतात आणि खालून पाणी उसळतं. हे काम हाताला माहीत होतं. माझे वडील हेच करायचे, असं लेकीनं फ्रेंचमध्ये सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, “म्हणजे तुम्ही पण लॉकवरच्या घरात वाढलात!” पाटावरच्या चौकीत वाढले होते, गुलाब काही नव्हते. बारा वाजताच ती जेवायला निघून गेली. पुढच्या बोटीतले लोक तासभर हात चोळत बसले. अप्पांना असं जमलं असतं तर तालुक्यात दंगल झाली असती.

रात्री भावाला फोन केला. गावच्या पाटावर आता डांबर आहे, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, तो म्हणाला. मग माझ्या कालव्याची चौकशी. “तिकडे पाळी किती दिवसांनी?”

“पाळी नाही. शेतीसाठी नाहीच तो.”

“शेतीला पाणी नाही, मग एवढा पाट खणला कशाला?”

“पॅरिसला लाकडं न्यायला.”

“आणि आता?”

“आता आम्ही सायकली चालवतो. काही लोक बोटीतून फिरतात.”

तो मोठ्यांदा हसला. मग यंदा वरच्या लोकांनी मोटारी टाकून पाटाच्या टेलपर्यंत पाणीच कसं येऊ दिलं नाही, ते सांगायला लागला. ते सांगून होईपर्यंत अर्धा तास गेला.