अमरावती ते अकोला : शाळेच्या बँडचा ताळेबंद

जानेवारीचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की वऱ्हाडातील शाळांच्या पटांगणांवरून सकाळच्या गारव्यात ढोलाचा आवाज येऊ लागतो. आधी एक ठोका, मग थोडा चुकलेला दुसरा आणि त्यामागोमाग पी.टी.च्या सरांची शिट्टी. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची ही तयारी असते. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या मार्गाने अकोल्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला हा आवाज ठिकठिकाणी ऐकू येतो. याच महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरून जागतिक विक्रम नोंदवला गेला. रस्ता सुधारल्याने ही दोन शहरे एकमेकांच्या अधिक जवळ आली आणि त्यांची तुलनाही अधिक होऊ लागली.

मूर्तिजापूर या मार्गाच्या जवळजवळ मध्यावर आहे. तेथील एखाद्या व्यापारी कुटुंबात मुलगी आठवीत गेली की प्रश्न उभा राहतो : तिला पुढे अमरावतीला ठेवावे की अकोल्याला? दहावीचा निकाल, फी, वसतिगृह, जेवणाची सोय, शिकवणी वर्ग या सर्व बाबींची चौकशी होते. शाळेत बँड पथक आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो विषय हौसेचा मानला जातो.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथे शाळा स्थानिक शालेय जिल्ह्याच्या अखत्यारीत असतात आणि त्यांच्या खर्चाचा मोठा भाग त्या भागातील मालमत्ता करातून येतो. टेक्सास राज्यातील ॲलन या गावच्या हायस्कूलचे पथक सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांचे म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या समाजातील जी मुले नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाली, त्यांच्यापैकी काहींना घर घेताना शालेय जिल्हा पाहावा लागतो आणि त्या चौकशीत शाळेच्या बँडचाही उल्लेख होतो. याच मापाने अमरावती आणि अकोला मोजली तर काय दिसेल?

अमरावतीची जमेची बाजू जुनी आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये येथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. पुढे मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय उभे राहिले आणि तेथे शिकलेले शिक्षक महाराष्ट्रातील अनेक शाळांत गेले. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 9 आणि राष्ट्रीय छात्र सेनेचे गट मुख्यालयही याच शहरात आहे. त्यामुळे कवायत म्हणजे काय, हे येथील मुलाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

अकोल्याचा पिंड बाजाराचा. कापसाचा व्यापार, जिनिंग, डाळ मिल आणि 1969 मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ ही त्याची जुनी ओळख. अलीकडे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी वर्गांमुळे हे शहर सर्व वऱ्हाडात गाजते आहे. संध्याकाळी पाच वाजता अमरावतीचे मूल मैदानावर असते, तर अकोल्याचे मूल वर्गाच्या जिन्यावर, असे विनोदाने म्हटले जाते. परंतु तालाच्या बाबतीत अकोला मागे नाही. श्रावणातील अखेरच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णा नदीचे जल कावडींनी आणून राजराजेश्वराला वाहिले जाते. त्या रात्री रस्त्यावर ढोल वाजवीत चालणाऱ्या तरुणांना ठेका वेगळा शिकवावा लागत नाही.

मात्र कावडीचा ढोल आणि शाळेचा बँड यांत एक महत्त्वाचा भेद आहे. कावडीचा ठेका उत्साहाबरोबर चढत जातो. बँडचा ठेका चढू द्यायचा नसतो. शीघ्र संचलनात मिनिटाला 120 पावले पडतात आणि प्रत्येक पाऊल 30 इंचांचे असते. म्हणजे पथक मिनिटाला बरोबर 300 फूट पुढे जाते. एकाने पाऊल लांब टाकले की रांग वाकते, एकाने ठोका लवकर दिला की मागच्या सर्वांची पावले चुकतात. उत्तम वाजविणाऱ्यालाही इतरांसाठी थांबावे लागते आणि कच्च्या मुलाला इतरांसाठी सुधारावे लागते. एकत्र कुटुंबाची पेढी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या शिक्षणाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

एवढ्यावरून अमरावतीच्या पारड्यात वजन टाकून मोकळे होता येईल काय? येथेच अमेरिकेचे माप अपुरे पडते. तेथे पैसा जिल्हावार उभा राहतो, म्हणून जिल्ह्यांची तुलना अर्थपूर्ण ठरते. आपल्याकडे बँड उभा राहतो तो एखाद्या शाळेच्या संचालक मंडळाच्या इच्छेवर आणि एखाद्या शिक्षकाच्या चिकाटीवर. त्यामुळे दोन शहरांत जेवढे अंतर आहे, त्याहून अधिक अंतर एकाच शहरातील दोन शाळांत आढळू शकते.

म्हणून पालकाने शहराऐवजी शाळेचा ताळेबंद पाहावा. वाद्ये शाळेच्या मालकीची आहेत की ऐन वेळी भाड्याने आणली जातात? सराव वर्षभर चालतो की 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या आधी फक्त आठवडाभर? दहावीची मुले बाहेर पडल्यावर त्यांची जागा घेणारी सातवीची रांग तयार आहे का? मुलींच्या हाती केवळ झांजा आणि झेंडे दिले जातात, की ढोल, बिगुल आणि पथकनायिकेचा दंडही दिला जातो? शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण : ते एक शिक्षक निवृत्त झाल्यावर काय होणार? बँड शिकविणारे सर निवृत्त झाले, नवे आले नाहीत आणि ढोल कपाटात गेले, अशी शाळा दोन्ही जिल्ह्यांत शोधावी लागत नाही.

केंद्र सरकारच्या शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयांतर्फे राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतली जाते. ब्रास बँड आणि पाइप बँड, दोन्हींत मुलांचे व मुलींचे स्वतंत्र गट असतात. राज्य, विभाग आणि राष्ट्र अशा पायऱ्या चढून अंतिम फेरी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीत होते. वऱ्हाडातील शाळेला ही वाट बंद नाही. पण त्या वाटेवर उभे राहण्यास तीन-चार वर्षांचा अखंड सराव लागतो.

एक शंका आपल्या घरांतून हमखास येते, ती चामड्याची. पूर्वी ढोलाची पाने चामड्याची असत आणि पाइप बँडची पिशवीही चामड्याची असे. आज पॉलिएस्टर फिल्मची पाने सर्रास मिळतात, ती दमट हवेत सैलही पडत नाहीत. पाइपसाठी कृत्रिम कापडाच्या पिशव्या उपलब्ध आहेत. अहिंसेचा आग्रह सांभाळून संपूर्ण पथक उभे करता येते. खरेदीच्या वेळी तेवढी अट लेखी घालावी.

वऱ्हाडातील अनेक शिक्षणसंस्थांच्या उभारणीत व्यापारी कुटुंबांचा हातभार आहे आणि संचालक मंडळांवरही ती मंडळी बसतात. देणगी बहुधा कमान, सभागृह किंवा नामफलकासाठी जाते. एका सभागृहाच्या तुलनेत वाद्यांचा संच आणि शिक्षकाचे मानधन यांचा खर्च अल्प आहे. देणगीची रक्कम मुदत ठेवीत ठेवून तिच्या व्याजातून मानधन दिले, तर ते एका व्यक्तीच्या निवृत्तीवर अवलंबून राहणार नाही.

चैत्र शुद्ध त्रयोदशीला भगवान महावीरांच्या जन्मकल्याणकाची मिरवणूक निघते. तिच्यापुढे अनेकदा लग्नसराईतला भाड्याचा बँड चालतो आणि समाजाची मुले कडेला उभी राहून पाहतात. ज्या गावात तीच मुले गणवेश घालून स्वतःच्या शाळेचा ढोल वाजवीत पुढे चालतील, ते गाव या ताळेबंदात पहिले मानावे. ते अमरावती असेल, अकोला असेल, किंवा दोहोंच्या मधले मूर्तिजापूरही असू शकेल.