आवाज आला की आली?

रायपूरच्या बूढा तालाबास आता विवेकानंद सरोवर म्हणतात. कारण १८७७ साली बाल नरेंद्र याच नगरात कुटुंबासह राहावयास आला होता. एका सायंकाळी माझ्या मराठी यजमानांची सात वर्षांची नात त्या सरोवराच्या काठी म्हणाली, “ऐका ना, घंटेची आवाज आली!”

“आली नव्हे, आला!” आजी गरजल्या. मुलगी हिरमुसली आणि घरी पोहोचेपर्यंत मराठीत एक शब्दही बोलली नाही.

तिचा अपराध तो कोणता? ‘आवाज’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. ‘पुस्तक’ तेथे स्त्रीलिंगी, आपल्याकडे नपुंसकलिंगी. उलट आपली ‘देवता’ हिंदीत पुल्लिंगी! आणि अंगणातली छत्तीसगढी तर क्रियापदात लिंगभेद मानीतच नाही : ‘टुरा जाथे’ म्हणजे मुलगा जातो, ‘टुरी जाथे’ म्हणजे मुलगी जाते.

ही अडचण आपलीच आहे, असेही नव्हे. दूर युरोपातील स्लोव्हाक भाषेतही तीन लिंगे आहेत. तेथे स्त्रीलिंगी नामे चार नमुन्यांवरून शिकवतात. त्या शब्दांचे अर्थ स्त्री, रस्ता, तळहात आणि हाड! लिंग वस्तूत नसते, बोलणाऱ्यांच्या वहिवाटीत असते; आणि वहिवाट सहवासानेच अंगवळणी पडते.

हे आजींनाही उमगले असावे. रात्री नातीला कुशीत घेऊन त्या वाघाची गोष्ट सांगू लागल्या. गोष्टीत आवाज चारदा ‘आला’. दुरुस्ती एकदाही झाली नाही. आजी क्षणभर थांबल्या, तोच पांघरुणातून प्रश्न आला, “मग पुन्हा आवाज आला?”