शून्य कर, मग मिळव

शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलं, तेव्हा त्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग बसवलेत हे माहीत होतं. मेनफ्रेमच्या असेम्ब्लरमधली एमव्हीसी, बीएएलआर, झॅप ही नावंही तशीच बनलीत, पण ती कुणी फोडून सांगत नाही. इंजिनिअरिंगला आम्ही जावा शिकलो. आता सिडकोतल्या घरी बसून जो कोड वाचतो, त्यातल्या बऱ्याच सूचना आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० पासूनच्या आहेत.

काही नावं सरळ खोटं बोलतात. एमव्हीसी म्हणजे ‘मूव्ह कॅरेक्टर’, पण हलत काहीच नाही, नक्कल होते. एलए म्हणजे ‘लोड अ‍ॅड्रेस’. लोक त्याने चक्क १ मिळवतात.

झॅप मात्र प्रामाणिक आहे: ‘झिरो अँड अ‍ॅड पॅक्ड’. आधी शून्य कर, मग मिळव. नुसती नक्कल का नाही? कारण आमच्या प्रोग्रॅममधून लोकांच्या पेन्शनचे आकडे जातात. आकड्याच्या जागी कचरा आला तर एमव्हीसी तो निमूटपणे पुढे ढकलते. झॅपला ते गणित वाटतं, म्हणून ती प्रत्येक अंक आणि शेवटचं अधिक-उणे चिन्ह तपासते, आणि चुकीचं दिसलं की प्रोग्रॅम तिथंच पाडते. रात्री दोनला फोन येतो खरा, पण कुणाच्या खात्यात भलताच आकडा जात नाही.

माझी सगळ्यात आवडती ईडी, म्हणजे ‘एडिट’. तिला एक साचा द्यायचा: इथं अंक, इथं स्वल्पविराम. स्वल्पविराम कुठं हे मशीन ठरवत नाही, आपण ठरवतो. म्हणजे न्यूयॉर्कजवळ जन्मलेल्या या सूचनेला १२,३४,५६७ लिहायला काहीच अडचण नाही, लाख तिला आपोआप जमतात. आकडा लहान असेल तर पुढचे शून्य आणि स्वल्पविराम दोन्ही जातात, त्या जागी रिकामी जागा किंवा तारका येतात. चेकवर तारका यासाठीच, मध्ये कुणी अंक घुसवू नये म्हणून. तिचीच बहीण ईडीएमके पहिला खरा अंक कुठं आहे तेही सांगते, म्हणजे रुपयाचं चिन्ह त्याला चिकटून टाकता येतं.

टीममधले एक काका हे सगळं तोंडपाठ सांगतात, आणि ते लवकरच निवृत्त होतायत. म्हणून मी सध्या प्रत्येक झॅपशेजारी मराठीत शेरा लिहितोय, रोमन अक्षरांत, कारण तिथं देवनागरी चालत नाही. रिव्ह्यू करणाऱ्याने विचारलं, हे काय? म्हटलं, वाचून बघ.