नितळ पाण्यातील तरंगती खूण

तिवशाहून कौंडण्यपुराकडे जाणाऱ्यांस वर्धामाईचे दर्शन घडते. परंतु तिचे पाणी खरे पाहावे ते मार्गशीर्षात. पावसाळ्यातील गढूळपणा तेव्हा पुरता बसलेला असतो, आणि कमरेइतक्या पाण्यातील गोटेही मोजून घ्यावेत असे दिसतात. आपणांस मासा दिसतो, तसे माशासही आपण दिसतो, ही गोष्ट मात्र गळ टाकणारे पुष्कळदा विसरतात.

आमच्यासारख्या शाकाहारी, सेवानिवृत्त शिक्षकाने हा विषय हाती का घ्यावा, अशी शंका वाचकांस येईल. तिचे पहिले उत्तर हे की, विषय परकीय नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरणच आहे. दुसरे उत्तर घरगुती आहे. आमच्या बारा वर्षांच्या नातवाने सुटीत गळ आणला आणि घरात दोन पक्ष पडले. "धरून लगेच सोडून देईन," असे तो म्हणाला. त्यावर त्याच्या आजीने विचारले, "ओठ फाडून मग सोडायचे, हे माशास विचारलेस काय?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, त्याच्याजवळही नव्हते. शेवटी ठरले ते असे की दोरा असावा, कणकेची गोळी असावी, गळ नसावा. माशाने तोंड लावले ते ओळखता आले म्हणजे जिंकले.

गळ नसल्यामुळे खुणेचे महत्त्व दसपट वाढले. गोळी चाखून मासा क्षणात सोडून देतो. तेवढ्यात कळले तरच कळले. नातवाने बाजारातील तांबडा प्लास्टिकचा गोळा बांधला होता. काठावरील एक वृद्ध भोई हसून म्हणाले, "मास्तर, हे बोंड पाहूनच मासा पयते. मोरपिसाचा देठ बांधा."

त्यांच्या अनुभवामागे शास्त्र आहे. तरंगणारी वस्तू एक सेंटिमीटर अधिक बुडवावयाची तर तिच्या छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरास सुमारे एक ग्रॅम जोर लागतो. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यास मध्याजवळ तीन ग्रॅमांहून अधिक. उभ्या तरंगणाऱ्या, तीन मिलिमीटर जाडीच्या देठास ग्रॅमाचा चौदावा भागही पुरे. माशास ओढ जाणवत नाही, आणि आपणांस मात्र काडी हललेली दिसते. ज्वारीच्या धांड्यातील भेंडही बरे, पण ते पाणी पिते व तासाभरात जड होते.

रंगाची गोष्ट याहून मनोरंजक. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशास वरचे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतूनच दिसते. मासा दोन फूट खोल असला तर ती खिडकी साडेचार फूट रुंद. तिच्या पलीकडचा पृष्ठभाग म्हणजे तळ दाखविणारा आरसा. खिडकीत आलेली तांबडी वस्तू आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळा डाग होते. म्हणून पाण्याखालचा भाग फिका, निमपारदर्शक हवा. रंग द्यावयाचा तो केवळ वरच्या टोकास. पश्चिमेकडे कृत्रिम माशीने मासे धरणारेही अशा पाण्यात पांढऱ्या लोकरीचा लहानसा झुपका बांधतात, कारण तो फेसासारखा भासतो.

टोकास रंग कोणता, यावर आमचे व नातवाचे जमले नाही. त्यास नारिंगी हवा. आमच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांस सकाळच्या चकाकत्या पाण्यावर काळाच स्पष्ट दिसतो. झाडाच्या सावलीत मात्र नारिंगी सरस, हे आम्ही मान्य करतो. म्हणून दोन काड्या ठेवल्या आहेत. काडी बुडण्यापूर्वी ती किंचित वर उचलली जाते, हे प्रथम नातवाने हेरले: मासा गोळी घेऊन वर आला की दोऱ्यावरील शिशाचा भार हलका होतो. त्या दिवसापासून आमचे सारे लक्ष बुडण्याकडे नसून त्या केसभर उचलण्याकडे असते. कणीक आजीच मळून देतात, आणि परतल्यावर कोण किती वेळा जिंकले हे आधी त्याच विचारतात.