कॉफी, आपली आणि त्यांची

आपल्या पिढीचं सगळं कॉफीवर चालतं. पहिली डेट कॉफीवर, जॉब बदलायची चर्चा कॉफीवर आणि ब्रेकअपही कॉफीवरच! अडीचशे रुपयांचा कप आपण सहज मागवतो. पण ही कॉफी पिकवली कुणी, असं कधी विचारलंय? माझ्या तरी मनात आलं नसतं. दोन वर्षांपूर्वी विशाखापट्टणमच्या मैत्रिणीकडे गेले आणि तिनं मला घाट चढणाऱ्या ट्रेनमध्ये बसवलं. बोगद्यामागून बोगदे आणि मग अराकू.

आंध्र प्रदेशातलं हे खोरं पूर्व घाटात, साधारण ९०० मीटर उंचीवर आहे. इथली कॉफी बड्या इस्टेटवाल्यांची नाही, आदिवासींची आहे. बगता, कोंध, वाल्मिकी, पोरजा अशा जमातींची लाखाहून जास्त कुटुंबं ती पिकवतात. बहुतेकांकडे जमीन एक-दोन एकर. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं आणि त्याच ओकवर चढलेला मिरीचा वेल. म्हणजे एका तुकड्यात दोन पिकं! पूर्वी इथं रान तोडून, जाळून ‘पोडू’ शेती व्हायची. कॉफीला सावली लागते, त्यामुळे झाडं राखण्यात शेतकऱ्याचाच फायदा होऊ लागला.

पण रोप लावलं की पैसे आले, असं नाही हं. पहिलं फळ यायला तीन-चार वर्षं जातात. तोडणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एकाच फांदीवर काही फळं लाल, काही हिरवी, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. घरात पैसा नसला की शेतकरी व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि मग भाव व्यापारी ठरवतो. घाईत अख्खी फांदी ओरबाडली, की हिरवी फळं मिसळतात. चव गेली, भावही गेला. थोडक्यात काय, शेतकऱ्याला थांबणं परवडलं, तरच तुमची कॉफी छान लागते.

हे थांबणं परवडावं म्हणून काही प्रयत्न झाले. सरकारी गिरिजन कोऑपरेटिव्ह कॉर्पोरेशन इथं खरेदी करतं. नांदी फाउंडेशनच्या मदतीनं शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. पिकलेल्या लाल फळाला चांगला भाव, हे तिचं साधं गणित. २०१७ मध्ये अराकूच्या कॉफीचं दुकान थेट पॅरिसला उघडलं. २०१९ मध्ये अराकू अरेबिकाला जीआय मानांकन मिळालं.

परतीच्या प्रवासात मी मोबाइलवर हिशोब केला. सुमारे सहा किलो फळांतून एक किलो कच्च्या बिया निघतात. एका कपाला १८ ग्रॅम पूड धरली, तर सव्वाशे ग्रॅम फळं लागली. सगळी हातानं तोडलेली, एकेक बघून! कॅफेला भाडं, एसी, पगार आहेत, कबूल. तरीही त्या सव्वाशे ग्रॅमचे किती दिले, हे विचारायला काय हरकत आहे?

म्हणून हल्ली पाकीट घेताना मी बघते: गावाचं नाव आहे का, माल कुणाकडून घेतला, भाव सांगितलाय का. दयेपोटी मात्र घेऊ नका. एकदा साखरेशिवाय पिऊन बघा, आवडली तरच पुन्हा आणा. त्या डोंगरातल्या माणसाला एकदाच येणाऱ्या दानशुरापेक्षा दर महिन्याचं गिऱ्हाईक जास्त उपयोगाचं आहे.